कढतसाहेबांचा चहा

चहा पातेल्यातून कपात पडायचा आणि आम्ही कप उचलायच्या आत साहेबांच्या घशाखाली उतरलेला असायचा. बशी नाही, फुंकर नाही, काठाला ओठ लावून अंदाज घेणं नाही. आम्ही बाकीचे बशीत ओतून फू फू करत पहिला घोट घ्यायचो, तोवर साहेबांचा रिकामा कप टेबलावर आणि साहेब शेडच्या दारात. कामगारांच्या तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांनी एकदा हा प्रकार पाहिला आणि भर ऑफिसात साहेबांना आ करायला लावून जीभ तपासली. जीभ नॉर्मल आहे, माणसाबद्दल मी काही सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून आमचे प्रॉडक्शन मॅनेजर कढतसाहेब झाले. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं. फोनवर एकदा त्यांनी स्वतःच "हां, कढत बोलून राह्यलो" असं म्हटलेलं मी ऐकलं आहे.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा सळयांचा कारखाना आहे. फार मोठा नाही, फार लहानही नाही. साहेब तो उभा राहिल्यापासून तिथे होते. मूळचे वडीगोद्रीचे. इंजिनिअर झाले तरी बोलणं गावचंच राहिलं. शेठशी ते जसे बोलत तसेच भंगाराच्या ट्रकवाल्याशी, आणि मुंबईहून पाहणीला आलेल्या टायवाल्यांशीही तसेच. माझं काम आकड्यांचं. वीज किती लागली, कोळसा किती जळला, सळई किती निघाली, हे रोज लिहायचं. म्हणून मी त्यांच्यासाठी 'आकडेवाले'. कुठलाही आकडा पुढे ठेवला की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "मोजला की मानला?" मी मानलेला आकडा सहसा देत नाही, हा माझा स्वभाव. घरात दुधाच्या पिशव्यासुद्धा मी मोजून घेतो, यावरून बायको हसते. साहेब हसले नाहीत, म्हणून आमचं जमलं.

गरम गोष्ट थंड होताना पाहणं साहेबांना सोसत नसे आणि नेमका आमचा कारखाना त्याच गोष्टीवर चालत होता. आमच्याकडे भंगार विजेच्या भट्टीत वितळवून त्याची बिलेटं ओततात. बिलेट म्हणजे लोखंडाचा चौकोनी, माणसापेक्षा लांब ठोकळा. ती लालबुंद बिलेटं आवारात नेऊन थंड करायची, रचून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी कोळशाच्या भट्टीत घालून पुन्हा लाल करायची. मग जड, फिरत्या रोलांमधून दाबून काढून सळई बनवायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, आणि आजूबाजूलाही बऱ्याच ठिकाणी हेच चालायचं.

"भाकर तव्यावरून काढायची, गार करायची, दुरडीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवून गरम करायची. घरी करतं का कुणी असं?" साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं.

कोळशाच्या भट्टीचे मुख्य, बाबूराव मिस्त्री, शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्या घरी रोज सकाळी तेच असतं. शिळी भाकर आणि चहा."

सगळी शेड हसली. साहेबही हसले, पण प्रश्न त्यांनी सोडला नाही.

तो प्रश्न सोडवायची वेळ आली ती एका गिऱ्हाईकामुळे. पूल बांधणाऱ्या एका मोठ्या कंपनीने शेठना विचारलं की तुमची टनभर सळई बनवताना हवेत कार्बन किती जातो. शेठना भाव विचारणारे माहीत होते, धूर विचारणारा पहिलाच भेटला. पुढच्या मीटिंगमध्ये शेठनी जाहीर केलं की आपली कंपनी कार्बन न्यूट्रल होणार. टाळ्या वाजल्या. मीटिंग संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हणजे नेमकं काय करायचं असतं?"

मी वाचून काढलं. सोप्या भाषेत ते असं आहे: कारखाना जेवढा धूर हवेत सोडतो तो आधी नीट मोजायचा, मग होईल तितका कमी करायचा, आणि जो कमी होतच नाही त्याची भरपाई दुसरीकडे करायची. शेठना त्यातला शेवटचा भाग फार आवडला. फाटकापासून ऑफिसापर्यंत झाडं लावायची आणि दर्शनी भागात मोठा बोर्ड लावायचा, असं ठरत आलं होतं.

साहेब म्हणाले, "झाडं लावू, बराबर लावू. पण वरून सोडायचं तेवढं सोडून खाली रोपं लावत बसलो तर झाडंच आपल्याला नावं ठेवतील." रोपं लागली. उन्हाळा संपता संपता साहेब, शेठ आणि मी फेरी मारायचो तेव्हा वाळलेलं रोप दिसलं की साहेब मला म्हणायचे, यादीतून हे खोडा. शेठ मागून म्हणत की कागदावर राहू द्या, पावसाळ्यात फुटेल. साहेब म्हणाले, फुटलं की लिहू. बोर्डाचंही तसंच झालं. पेंटर 'कार्बन न्यूट्रल कंपनी' अशी अक्षरं आखून बसला होता. साहेबांनी त्याच्या हातून खडू घेतला आणि पुढे लिहिलं, 'होण्याच्या वाटेवर'. तो बोर्ड आजही तसाच आहे. आमच्याकडे येणारे लोक त्याच्यापुढे थांबून वाचतात, आणि मला वाटतं, त्यामुळेच विश्वास ठेवतात.

धूर कमी करायची त्यांची पद्धत मात्र मजेशीर होती. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं शांत झाली की साहेब डोकं तिरपं करून शेडभर फिरायचे. दाबाच्या हवेचे पाइप कुठे सूं सूं करतात ते ऐकायचे. ती हवा विजेवर तयार होते, म्हणजे गळती हवेची असली तरी वाया वीज जाते. गळती सापडली की खिशातला रुमाल तिथे बांधायचा, म्हणजे दुरुस्तीवाल्याला शोधावं लागू नये. दुरुस्ती व्हायची, रुमाल मात्र परत यायचा नाही. वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "ह्यांच्या रुमालानं सगळी कंपनी बांधून झाली, माझ्या घरात तोंड पुसायला एक न्हाई." उन्हाळ्यात कामगार त्याच हवेची नळी शर्टात घालून अंग गार करायचे. साहेबांनी ते बंद केलं, पण आधी पंखे बसवले, मग बंद केलं. हा क्रम त्यांनी मला मुद्दाम सांगितला होता.

छपरावर सौर पॅनल बसले तेव्हा शेठनी फोटो काढून घेतले. दोन महिन्यांत मी आकडे पुढे ठेवले: वीज अपेक्षेपेक्षा कमी मिळत होती. साहेब छपरावर चढले, पॅनलवर बोट फिरवलं आणि खाली येऊन मला ते काळं बोट दाखवलं. आमच्याच कोळशाच्या भट्टीची काजळी होती ती. "आपणच आपल्या उन्हावर काळं टाकून राह्यलो, आकडेवाले," ते म्हणाले.

त्या काजळीची आम्हाला नवलाई नव्हती. कंपनीची क्वार्टर भिंतीपलीकडेच आणि चिमणी अगदी डोक्यावर. शेजारचे कारखाने होतेच, पण आमच्या घरांवर पडायची ती मुख्यतः आमचीच. क्वार्टरमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला एक सवय जडली होती. दोरीवरून कपडा काढला की आधी फुंकायचा. ताट घेतलं की फुंकायचं. पाहुण्याला खुर्ची देतानासुद्धा फुंकर मारून द्यायची. माझी मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिथल्या मैत्रिणी तिला विचारायच्या की तू सगळं फुंकतेस का. अपवाद एकच, साहेब. ते टॉवेल भिंतीवर आपटायचे, ताट शर्टाला पुसायचे, पण फुंकर म्हणून नाही.

वहिनी हसनाबादच्या. त्यांच्या हाताच्या कुरडया प्रसिद्ध होत्या, पण क्वार्टरच्या गच्चीवर त्यांनी कधी घातल्या नाहीत. एकदाच, तिथे नव्याने राहायला आल्या तेव्हा घातल्या होत्या. संध्याकाळी काढायला गेल्या तर कुरडयांवर जिरे टाकल्यासारखे काळे ठिपके. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गहू घेऊन त्या वडीगोद्रीला जायच्या आणि कुरडया वाळवून परत यायच्या. साहेबांच्या घरी कार्बनचा विषय निघाला की त्या कुरडयांपाशी येऊन थांबायच्या. साहेब मला म्हणायचे, "त्या पुलाच्या कंपनीला सर्टिफिकेट पाहिजे, आणि तुमच्या वहिनीला कुरडई पाहिजे. दुसरं काम जास्त अवघड हाय."

त्यावर साहेबांनी उपाय काढला होता. लाल बिलेट आवारात न्यायचंच नाही. ओतलं की फिरत्या रुळांवरून थेट सळईच्या रोलांकडे न्यायचं, थंड व्हायच्या आत. मग कोळशाची भट्टी लागतच नाही. शेठ तयार झाले, रुळांची वाट बांधून झाली. पण कोळशाच्या भट्टीच्या आतल्या विटा झिजल्या होत्या. होळीच्या सुट्टीत त्या बदलायच्या होत्या, आणि एकदा नव्या विटा लावल्या की भट्टी आणखी कित्येक वर्षं चालवावी लागली असती. शेठनी स्पष्ट सांगितलं: होळीआधी एक अख्खी पाळी नव्या वाटेवर न थांबता चालवून दाखवा, नाहीतर विटा लागतील. साहेब मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणार होते. विटा लागल्या असत्या तर त्या भट्टीची चिमणी तशीच धूर ओकत ठेवून त्यांना जावं लागलं असतं. ती चिमणी त्यांनीच उभी केली होती.

पहिली चाचणी दुपारी चारपर्यंत झकास चालली. चारला चहाचा भोंगा झाला आणि सगळं थांबलं.

इथे आमच्या कारखान्यातली एक रीत सांगायला हवी. चारच्या चहाचा पहिला कप आगीसमोरच्या माणसाचा, म्हणजे बाबूरावांचा. तो त्यांच्या हातात पडला की बाकीचे घेणार, आणि बाबूरावांचा कप रिकामा होईपर्यंत कुणी यंत्राला हात लावणार नाही. जो सगळ्यांत जास्त तापतो त्याने निवांत प्यावा, ही त्यातली भावना. जुन्या पद्धतीत त्याने काही बिघडत नव्हतं, कारण बिलेटं भट्टीत बसून असायची. आता ती रुळांवर उभी होती. बाबूराव चवीने चहा पिणारे. त्यांचा कप संपेपर्यंत लाल बिलेटं आधी तांबूस झाली, मग काळी ठिक्कर. आणि साहेब? त्यांनी भोंग्याआधीच ऑफिसात आपला कप घशात ओतला होता आणि पार दुसऱ्या टोकाला भंगाराच्या ढिगापाशी गेले होते. ते धावत आले तेव्हा सगळी शेड हातात बशा घेऊन उभी होती. शेडमध्ये वरून पाहणी करायला लोखंडी जाळी आहे, तिच्यावर शेठही उभे होते. विटांची ऑर्डर कधी द्यायची, ते त्यांनी मला विचारलं.

साहेबांनी संतापून फतवा काढला: चारचा भोंगा बंद, ज्याने त्याने आपल्या जागी, जमेल तेव्हा चहा घ्यावा. दुसऱ्या चाचणीला कुणी विरोध केला नाही. फक्त चहा कुणी प्यालं नाही. भरलेली किटली जशी गेली तशी परत आली. आणि हात असे मंद चालले की चहा न पिताच बिलेटं थंड पडली.

साहेब बाबूरावांकडे गेले. मी बरोबर होतो. तुमची भट्टी बंद होईल म्हणून हे चाललंय का, असं त्यांनी तोडून विचारलं.

बाबूराव म्हणाले, "भट्टीचं काय घेऊन बसले साहेब. एप्रिलमध्ये एक दिवस तिच्यासमोर उभं राहून बघा, मंग सांगा कोण रडतंय तिच्यासाठी. चहाचं दुखलं. हितं सगळे एकमेकांसाठी थांबतात. तुम्ही कधी कुणासाठी थांबले? तुमचा कप आमच्या आधीच रिकामा असतो."

साहेब परत येताना एवढंच म्हणाले, "मोजून बोलला."

तिसरी चाचणी होळीच्या आदल्या आठवड्यात ठरली. ती शेवटची. चारला भोंगा वाजला. किटली आली ती ऑफिसात न जाता थेट रुळांच्या वाटेच्या तोंडाशी, जिथे आता बाबूराव उभे होते. बिलेट वाटेवर सोडायचं काम साहेबांनी त्यांना दिलं होतं. पहिला कप बाबूरावांचाच. पण त्यांनी कप हातात घेतल्यावर यंत्र थांबलं नाही, कारण साहेबांनी त्यांच्याकडून बिलेट सोडायचा दांडा घेतला आणि त्यांच्या जागी स्वतः उभे राहिले. "प्या निवांत. मी हाय," म्हणाले. बाबूरावांनी नेहमीसारखा चवीने चहा घेतला, मुद्दाम जरा जास्तच चवीने, असं मला वाटलं. त्यांचा कप खाली ठेवला गेला तेव्हा साहेब पुढच्या माणसाकडे गेले. मग त्याच्या पुढच्या. ज्याची पाळी त्याने प्यायचं, आणि तेवढा वेळ साहेबांनी त्याच्या जागी उभं राहायचं. लाल बिलेटं एकामागून एक वाटेवरून जात राहिली आणि दुसऱ्या टोकाने सळई निघत राहिली.

ही वाट लांब आहे. साहेबांच्या शर्टाचा रंग पार बदलला. कुणीतरी मध्येच म्हणालं, साहेब, तुमचा कप भरू का, कढत आहे तोवर. साहेबांनी हातानेच नको म्हटलं. शेवटच्या माणसाचा चहा झाला तेव्हा किटलीच्या तळाशी एक कप उरला होता. तो गार होता आणि त्यावर जाड साय आली होती. सगळे आपल्या जागेवरून मान वळवून पाहत होते. साहेबांनी कप उचलला आणि ते चहा घोट घोट करत प्यायले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना चहाला इतका वेळ लागला असेल.

"कसा हाय साहेब?" लांबून बाबूरावांनी विचारलं.

"बेकार," साहेब म्हणाले. "बिलकुल बेकार." आणि सायीसकट कप संपवला.

त्या पाळीत एकही बिलेट काळं पडलं नाही. शेठ जाळीवरून खाली आले आणि विटांची ऑर्डर द्यायची नाही, एवढंच मला म्हणाले. होळीच्या सुट्टीआधी बाबूरावांनी स्वतःच्या हाताने भट्टीचा कोळसा बंद केला. रुळांवर अधूनमधून एखादं बिलेट अडकतं, थंड पडतं, ते आम्ही बाजूला काढून तसंच विकतो. चारचा चहा अजून त्याच पद्धतीने फिरतो. साहेबांच्या जागी आलेली मॅनेजर तरुण मुलगी आहे. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तिने मला विचारलं की शेवटचा गार कप मॅनेजरनेच प्यायचा असा नियम कुठे लिहिलेला आहे का. मी म्हटलं, लिहिलेला नाही, पण आहे. ती पिते.

खरं तेच सांगायचं तर आम्ही अजून न्यूट्रल झालेलो नाही. कोळसा गेला, पण भंगार वितळवायला लागणारी बरीचशी वीज अजून बाहेरूनच येते आणि तिचा धूर दुसरीकडे कुठेतरी निघतो. तो मी दर महिन्याला आमच्याच नावावर लिहितो. पॅनल वाढताहेत, आकडा उतरतो आहे. घरी माझ्या बायकोने डाळ शिजत आली की गॅस आधीच बंद करून झाकण घट्ट ठेवायला सुरुवात केली आहे. उरलेल्या वाफेवर डाळ शिजते. हे तिला मी नाही शिकवलं, साहेबांनी एकदा जेवायला आल्यावर सांगितलं होतं.

त्याच वर्षी मे महिन्यात, साहेबांनी क्वार्टर सोडायच्या आदल्या आठवड्यात, वहिनींनी गहू भिजत घातले. वडीगोद्रीला नाही, क्वार्टरमध्येच. तिसऱ्या दिवशी पहाटे चीक शिजला आणि मला आणि बायकोला बोलावणं आलं. गच्चीवर वहिनी आणि माझी बायको सोऱ्या घेऊन कुरडया घालत होत्या. साहेब वाटीत चीक आणि गूळ घेऊन बसले होते आणि पातेल्यातला चीक निवायच्या आत तोंडात टाकत होते.

"अहो, जरा निवू तरी द्या," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही सांगा ह्यांना."

माझं लक्ष समोर होतं. तिथे चिमणी उभी होती, तिच्या तोंडावर एक कावळा बसला होता. एवढ्या वर्षांत तिथे कावळा बसलेला मी पाहिला नव्हता.

दोन दिवस कडक ऊन पडलं. संध्याकाळी कुरडया काढायला आम्ही पुन्हा वर गेलो. वहिनींनी पहिली कुरडई कापडावरून सोडवली आणि साहेबांच्या हातावर ठेवली. साहेबांनी ती उजेडाकडे धरली. उलटी करून पाहिली. मग कधी नव्हे ते त्यांनी ओठांचा चंबू केला आणि क्वार्टरमधल्या आम्हा सगळ्यांसारखी तिच्यावर जोरात फुंकर मारली.

काहीच उडालं नाही. पांढरी कुरडई हातावर तशीच होती.

त्यांनी पुन्हा फुंकलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "साहेब, मोजलं की मानलं?"

"मोजलं," ते म्हणाले, आणि ती कुरडई त्यांनी परत वहिनींच्या हातावर ठेवली.